दोन आवाजांचा ठेका

"चला," म्हणत जयवंतीने कीबोर्डचं बटण दाबलं आणि ती पलंगाशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे धावली.

जेवणाच्या टेबलावरून वरातीतला ठेका सुरू झाला. ढोल, टाळ्या, मध्येच झांज. अरविंदरावांचा उजवा पाय उचलला गेला, मग डावा, आणि मग दोन्ही पाय त्या टाळ्यांच्या मागे लागले. पावलं लहान होत गेली, भरभर पडू लागली, वरचं अंग पुढे कललं आणि पळत सुटल्यासारखे ते समोरच्या भिंतीकडे निघाले. जयवंतीने मागून त्यांना कमरेत धरलं. तिच्या हातांखाली त्यांचं अंग लाकडासारखं ताठ झालं. कपाळ भिंतीवरच्या कॅलेंडरला टेकलं, बरोबर टाक्यांच्या जागी. टाके निघून चारच दिवस झाले होते.

"बंद," ते म्हणाले.

त्यांचा आवाज अलीकडे इतका बारीक झाला होता की शब्द ऐकण्यापेक्षा ओठांवरून ओळखावा लागे. तिने त्यांना वळवून पलंगावर बसवलं आणि मग जाऊन कीबोर्ड बंद केला. त्यात तयार ठेके एकशेवीस होते. सकाळपासून तिने एकोणीस लावून पाहिले होते. सगळे नाचायचे, चालायचा एकही नव्हता.

अरविंदरावांना कंपवात होऊन सात वर्षं झाली होती. पहिली पाच वर्षं नुसता हात थरथरत होता. मग पाय अडू लागले. मोकळ्या जागेत ते बरे चालत, पण दार आलं की उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटत. मनात जायचं असे, पाय ऐकत नसत. इंदूरच्या डॉक्टरांकडच्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं होतं, ठोक्यावर चालवा, ठोका ऐकला की पाय सुटतो. जयवंतीने सत्तावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं होतं. मैदानावर पोरांना चालवायची तशी ती नवऱ्याला चालवू लागली. एक-दो, एक-दो. संडासला जाताना एक-दो, जेवायला येताना एक-दो. वर्षभरात तिचा घसा बसला तो बसलाच. फोनमधली टिकटिक लावून पाहिली, पण ती त्यांना ऐकूच येईना. गिअर बनवणाऱ्या कारखान्यात चौतीस वर्षं मशीनशेजारी काढलेले कान. बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते.

आणि अकरा दिवसांपूर्वी ते हॉलच्या दारात पडले. बाहेरच्या ओट्याच्या जाळीवर कपाळ आपटलं. पाच टाके. घसरले, असं जयवंतीने सगळ्यांना सांगितलं.

तेव्हापासून त्यांनी स्वतःच्या पायांनी एकही दार ओलांडलं नव्हतं. पलंग हॉलमध्ये आणावा लागला. कोपऱ्यात पडदा लावून त्यामागे भांड्याची खुर्ची ठेवावी लागली. पाहुणा आला की अरविंदराव त्या पडद्याकडे पाठ करून बसत.

वेदिका, त्यांची मुलगी, इंदूरला नोकरी करायची. घरात सगळे अरविंदरावांना भाऊ म्हणत, तीही तेच म्हणे. तिने फोनवर अगदी हळू आवाजात सांगितलं होतं, "आई, इथे एक सेंटर आहे. चोवीस तास नर्स असते. मी बघून आलेय. भाऊंना काही दिवस तिथे ठेवू या."

"काही दिवस म्हणजे?"

वेदिका पुढेच बोलत गेली. "तू पण थकलीस. उद्या कमरेचं हाड मोडलं तर काय करणार आहेस? मी रविवारी येते. मग ठरवू."

त्या दिवशी बुधवार होता. जयवंतीने फोन ठेवला आणि माळ्यावरून वेदिकाचा नववीतला कीबोर्ड उतरवला. त्याचा धप्प आवाज छातीत बसतो, एवढं तिला आठवत होतं.

आता शुक्रवार उजाडला होता.

मागच्या गल्लीतला मयुरेश दहाच्या सुमारास आला. पस्तिशीतला माणूस, लग्नांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा, घरी क्लास घ्यायचा. चौथीत तो जयवंतीच्या वर्गात होता. त्याने आधी कीबोर्डकडे पाहिलंच नाही. अरविंदरावांसमोर जमिनीवर मांडी घालून बसला.

"काका, जरा चालून दाखवा. जसं जमेल तसं."

अरविंदराव पलंगापासून टेबलापर्यंत गेले. मयुरेश त्यांच्या टाचांकडे बघत गुडघ्यावर बोटाने ठोके देत राहिला. मग उठून टेबलाशी बसला.

"काकू, हे शादीवाले ठेके काही कामाचे नाहीत. पोटात केवढं सामान भरलंय त्यांच्या! काकांच्या पायाला कळत नाही, कुणाचं ऐकायचं. आपण आपला बनवू, एकदम सिंपल. दोनच आवाज."

"बनवता येतो?"

"का नाही? बघा." त्याने डावीकडची सगळ्यात शेवटची पट्टी दाबली. खालून, जमिनीतून आल्यासारखा आवाज झाला. "हा धप. एक पट्टी सोडून हा टक. धप उजव्या पायाचा, टक डाव्याचा. आता हे लाल बटण. मशीन चार वेळा टिक करेल, मग आपण सुरू. थोडं मागेपुढे झालं तर ते स्वतः नीट बसवून घेतं."

त्याने चार ठोके दिले. धप, टक, धप, टक. हात काढला तरी ठेका आपला आपण फिरत राहिला. मयुरेशने बटणाने लय खाली आणली, ऐंशी, शहात्तर, बहात्तर. अरविंदरावांचा अंगठा मांडीवर हलायला लागला तिथे तो थांबला.

"बहात्तर. लिहून ठेवा काकू."

जयवंतीने भाजीच्या यादीच्या मागे लिहिलं. मयुरेशने ठेका एका नंबरावर साठवला आणि अरविंदरावांना उभं केलं.

"मी मागेच आहे काका. चला, बाहेर उन्हात बसू."

जयवंती टेबलाशीच थांबली. ते निघाले. प्रत्येक धपला उजवा पाय उचलून सबंध टेकला, टाच आधी. हॉल संपला. उंबरा आला. धप. उजवा पाय उंबऱ्यावरून पलीकडे गेला. टक. डावा त्याच्यामागे.

"क्या बात है काका!" मयुरेश ओट्यावरून ओरडला.

अरविंदराव अर्धा तास उन्हात बसले. गल्लीतून जाणाऱ्या एकदोघांनी हात केला, त्यांनी मान हलवली. जयवंतीने पेरू कापून आणला. ते फोड दाताखाली धरून कितीतरी वेळ चघळत होते आणि समोरच्या तारेवर वाळणाऱ्या चादरीकडे बघत होते. मयुरेशने त्यांना तसंच आत आणून बसवलं. त्याला दुपारच्या गाडीने खातेगावला जायचं होतं, लग्नाचा कार्यक्रम होता, सोमवारी परत.

"आता काळजी नाही," तो चपला घालताना म्हणाला. "बटण दाबायचं, बस."

चार वाजता तिने बटण दाबलं. ठेका सुरू झाला. अरविंदराव पलंगावरून उठले, हॉल चालत आले, सुरेख चालत आले, आणि उंबऱ्यापाशी थांबले.

"धप," ती त्यांच्यामागून म्हणाली. "ऐका ना. धप."

पाय हलला नाही. ठेका फिरत राहिला. दोन मिनिटं झाली, पाच झाली. त्यांच्या पोटऱ्या थरथरू लागल्या तेव्हा तिने त्यांना मागे फिरवलं. फिरवलं की मात्र चालले.

गोळीचा असर उतरला असेल, असं तिला वाटलं. सहाची गोळी देऊन, तासभर थांबून पुन्हा उभं केलं. तिथेच थांबले. मग तिला वाटलं, आवाज कमी पडतो. तिने आवाज पूर्ण वाढवला, शेजारच्या घरातून कुणीतरी खिडकी लावून घेतली. ते तिथेच थांबले. लय चुकली असेल. तिने सत्तर केली, अडुसष्ट केली. टक नीट ऐकू येत नसेल, म्हणून लाल बटण दाबून त्यावर आणखी टक चढवले, ते भलत्याच जागी बसले, ते पुसायला गेली आणि सगळंच पुसलं गेलं. कीबोर्डच्या छोट्या पडद्यावर काहीतरी इंग्रजीत आलं, तिने घाईत हो म्हटलं. त्यानंतर मयुरेशच्या नंबरावर काहीच वाजेना.

ती टेबलाशी बसून राहिली. पलंगावरून अरविंदराव तिच्याकडे बघत होते. तिला त्यांचा राग आला, आणि तो राग ओळखीचा वाटून ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडून बराच वेळ मनगटांवर पाणी घेत उभी राहिली.

शनिवारी सकाळी मयुरेशने फोन उचलला तेव्हा त्याच्यामागे कुणीतरी माइक तपासत होतं.

"काकू, टेन्शन नका घेऊ. धप शेवटची पट्टी. एक सोडून टक. लाल बटण. चार टिक जाऊ द्या."

"मयुरेश, काल तू गेल्यावर एकदाही पाय उचलला नाही रे. ठेक्यात काहीतरी राहिलंय."

"ठेका तोच आहे काकू. ठेक्यात काही नाही. बहात्तरवर ठेवा, आणि बनवल्यावर सेव्ह करा, नाहीतर परत जाईल." मागून कुणी हाक मारली. "ठेवतो हं."

तिने पहिल्यांदा घाईत धप दोनदा दाबला. पुसला. दुसऱ्यांदा टिक मोजताना तिची तिलाच शाळेतली लय लागली, एक-दो-तीन-चार, आणि पाचव्याला हात आपोआप पडला. धप. टक. धप. टक. तिने हात काढला. ठेका फिरू लागला. कुणी शिकवणारं नसताना, तिने एकटीने बनवला होता. एरवी तिने हे कुणाला तरी सांगितलं असतं. तिने तो साठवला, बंद करून पुन्हा लावून पाहिला, आणि अरविंदरावांच्या साडेदहाच्या गोळीची वाट बघत बसली.

साडेअकराला ते उठले. रविवार उद्यावर होता.

हॉल चालून झाला. उंबऱ्याशी ते थांबले आणि त्यांनी दोन्ही बाजूंची चौकट धरली. दार उघडं होतं. ओट्यावर ऊन होतं, काल ते बसले होते ती खुर्ची तशीच होती. जयवंती त्यांच्या पाठीशी उभी होती. पडले तर धरता यावेत म्हणून हातभर अंतरावर.

"अहो, एकदाच," ती म्हणाली. तिच्या बसक्या घशातून अर्धाच आवाज निघाला. "उद्या ती येईल. तिच्यासमोर एकदा बाहेर जा. मी दुसरं काही मागत नाही."

धप. टक.

त्यांच्या सदऱ्याची कॉलर आत दुमडली गेली होती. ती नीट करायला तिने हात पुढे केला.

अरविंदरावांचे खांदे कानांपर्यंत वर आले. मान आत गेली. चौकटीवरची बोटं पांढरी पडली.

जयवंतीचा हात तिथेच राहिला. तिने पाहिलं की ते उंबऱ्याकडे बघतच नव्हते. त्यांचे डोळे उजव्या बाजूला, जितके मागे वळतील तितके वळले होते. ते तिच्या हाताकडे बघत होते.

ते घसरले नव्हते.

त्या दिवशी ती वीस मिनिटं याच जागी एक-दो करत उभी होती. आदल्या रात्री तीनदा उठली होती. आत दूध उतू गेल्याचा वास आला होता. "उचला ना," ती म्हणत होती, "उचला, अहो उचला ना," आणि मग तिचे दोन्ही तळवे त्यांच्या पाठीवर पडले. तो आधार नव्हता, हे तळव्यांना माहीत होतं. सत्तावीस वर्षांत तिने एकाही पोरावर हात उचलला नव्हता. ते पालथे पडले, जाळीवर डोकं आपटल्याचा आवाज आला, आणि रक्त दिसायच्या आधीच्या एका क्षणात तिच्या मनात आलं, संपलं. त्या क्षणी तिला हलकं वाटलं होतं. मग ती धावली. दवाखान्यात डॉक्टरने कसं लागलं विचारलं तेव्हा तिच्या आधी तेच म्हणाले, पाय सटकला. त्यांना कळलंच नाही, असं तिने बारा दिवस धरून ठेवलं होतं.

काल मयुरेश मागे होता. ती टेबलाशी होती.

"घट्ट धरून उभे राहा," ती म्हणाली. "मी येते."

ती मागच्या दाराने बाहेर पडली. पायात चपला नव्हत्या. घराच्या कडेने, पाण्याच्या टाकीला वळसा घालून, फरशीच्या तुकड्यांवरून ती जवळजवळ पळत पुढे आली. आतून ठेका ऐकू येत होता. मध्ये धप्पकन काही पडल्यासारखं वाटलं आणि तिचे पाय जागीच थांबले. पण तो कीबोर्डचाच आवाज होता. ती ओट्याच्या दोन पायऱ्या चढली.

ते उभे होते. चौकटीत, दोन्ही हात वर, कपाळावर ती लाल रेघ. ती समोर, खुर्चीच्याही पलीकडे जाऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"अहो, इकडे बघा."

त्यांनी पाहिलं.

"त्या दिवशी मी ढकललं तुम्हाला."

धप. टक. धप. टक.

"हो," ते म्हणाले.

तिने वाट पाहिली. तिने पाठीमागे एका हाताने दुसरं मनगट धरून ठेवलं होतं. बऱ्याच वेळाने त्यांचे खांदे खाली आले. डावा हात चौकटीवरून सुटला, मग उजवा. एक धप गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला उजवा पाय उंबऱ्यावरून पलीकडे आला.

तो टेकला आणि ते डुगडुगले. तिचे हात पाठीमागून सुटू पाहत होते. तिने सोडले नाहीत. टक. डावा पाय आला. चार पावलांत ते खुर्चीपाशी पोचले, पाठ केली, हळूहळू बसले आणि डोळे मिटून उन्हाकडे तोंड केलं.

जयवंती पायरीवर बसली. पायाला कुठेतरी फरशी लागून रक्त आलं होतं. आत ठेका वाजत राहिला.

रविवारी वेदिका अकराला आली. तिने बॅग खाली ठेवायच्या आत जयवंतीने तिला ओट्यावर उभं केलं, आतलं बटण दाबलं आणि मागच्या दाराने फेरी मारून पुढे आली. अरविंदराव बाहेर आले. परत गेले, पुन्हा आले.

"भाऊ!" वेदिका म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवून रडायलाच लागली. मग हसली. "आई, हे तू बनवलंस? तू? अगं, टीव्हीचा रिमोट येत नाही तुला." तिने डोळे पुसले, पर्समधून फोन काढला. "मी त्या सेंटरवाल्यांना सांगून टाकते, आत्ता नको म्हणून. ते दुपारी खोली पक्की करणार होते."

ती नंबर शोधत शोधत वडिलांच्या खुर्चीशेजारी टेकली. दुसऱ्या हाताचं बोट तिने त्यांच्या कपाळावरच्या रेघेवरून फिरवलं.

"पण भाऊ, नेमके घसरलात कसे हो? आईने फोनवर नीट सांगितलंच नाही."

"पाय," अरविंदराव म्हणाले, "पाय सट..."

"पाय सटकला नव्हता," जयवंती म्हणाली.

वेदिकाने वर पाहिलं. अरविंदरावांची मान डावीकडून उजवीकडे हलली, दोनदा. कंपाने हलली की त्यांनी हलवली, हे वेदिकाला कळलं नसतं. जयवंतीला कळलं.

तिने भिंतीजवळचं स्टूल ओढून मुलीच्या समोर घेतलं.

"तो फोन जरा ठेव," ती म्हणाली आणि बसली.